दोन चादरी, एक खोळ, एक टॉवेल

आदिलाबादला मी खोली शोधत फिरत होते तेव्हा प्रत्येक घरमालक मला दोनच गोष्टी विचारायचा. गाव कोणतं, आणि आडनाव काय. गाव भीमपूरकडचं म्हटलं की मान हलायची. आडनाव सांगितलं की तीच मान थांबायची, आणि खोली नेमकी कालच कोणाला तरी देऊन झालेली असायची. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातलीच काय, आमच्या अख्ख्या गल्लीतली. आई-बापानं दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून मला शिकवलं, हे मी कुठंही सांगते, लाजत नाही. राग एवढाच यायचा की माझी मार्कलिस्ट बघायला कोणी मागत नव्हतं.

या माणसानं वेगळंच विचारलं. ओसरीवर लुंगी-बनियनवर बसले होते. हातात काचेचा गिलास, आणि त्या गिलासाला बाहेरून नक्षीचं धातूचं कवच, मुठीसकट. तसला गिलास मी आधी कुठं पाहिला नव्हता. चमच्यानं साखर ढवळत म्हणाले, "उतरायचं कुठं?"

"इथंच," मी म्हटलं. "खोली पायजे."

"इथं तर चढून राह्यल्या तुमी. उतरायचं कुठं?"

आतून काकू ओरडल्या, "अहो, सरळ इचारा ना पोरीले! बाई, ते इचारून राह्यले का तू पुढं काय होनार."

"सरकारी नोकरी," मी ताठ मानेनं सांगितलं. "परीक्षेचा अभ्यास करायचा आहे."

"किती टाइम लागन?"

"दोन वर्षं. तीन बी लागतील."

"लांब पल्ल्याची गाडी हाय म्हणा. ठीक. सामान घेऊन या. स्टेशन आलं का उठवतो." आणि त्यांनी आतून एक गठ्ठा आणून माझ्या हातात दिला. पांढऱ्या दोन चादरी, उशीची एक खोळ, एक टॉवेल. "उतरताना वापस करायचं. बाकायदा."

'बाकायदा' हा त्यांचा लाडका शब्द. नोकरीतला होता. ते तहसील ऑफिसात गिरदावर होते, म्हणजे गावोगाव फिरून जमिनी आणि पिकं बघणारे. रिटायर झाले, पण बाकायदा रिटायर झाला नाही. माझं आडनाव त्यांनी दोनेक महिन्यांनी विचारलं, तेसुद्धा पोस्टमन दारात उभा होता म्हणून.

त्यांना सगळे कंडक्टर काका म्हणायचे. यात अडचण अशी होती की दोन नंबरच्या खोलीत राजन्ना राहायचा, आणि राजन्ना खराखुरा बस कंडक्टर होता. बेल्लमपल्लीचा, तेलुगू माणूस. मराठी समजायचं, बोलायचा हिंदी. पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, "अक्का, इस घर में असली कंडक्टर मैं हूँ. लेकिन मेरे को कोई नहीं पूछता." काका तिथंच होते. ते म्हणाले, "तुमी तिकीट फाडनारे कंडक्टर. मी उठवनारा. फरक हाय."

हा फरक समजायला कझाकस्तानात जावं लागतं.

काकांची एकुलती एक मुलगी पल्लवी तिकडं डॉक्टरकी शिकायला होती, अक्तोबे नावाच्या शहरात. आमच्या भागातून बरीच मुलं जातात तिकडं. दुसऱ्या वर्षाला असताना तिनं बापाला बोलावून घेतलं. काका विमानानं अलमातीला उतरले. पल्लवीची परीक्षा चालू होती म्हणून ती घ्यायला येऊ शकली नाही. तिच्या ओळखीच्या एका पोरानं काकांना गाडीत बसवून दिलं आणि तो निघून गेला. पुढं दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस काका त्या देशाच्या सरकारी रेल्वेत एकटे. भाषा येत नाही, पिशवीत ठेच्याची बरणी. आयुष्यभर काकांनी जेवढा प्रवास केला, तो सगळा या एका प्रवासापुढं शेजारच्या बोथपर्यंत जाऊन आल्यासारखा होता.

ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्या गाडीत मीच बसून आले असं मला वाटतं. खिडकीबाहेर नुसतं गवत. झाड नाही, माणूस नाही, मधेच उंटांचा कळप. समोरच्या बाकावर सोन्याचे दात असलेला एक म्हातारा. त्यानं काकांना पांढऱ्या गोट्या खायला दिल्या. काकांना वाटलं पेढे. ते निघालं वाळवलेलं आंबट-खारट दही, दगडासारखं कडक. आलेल्या पाहुण्यानं थुंकावं कसं? काकांनी ती गोटी एका स्टेशनपासून दुसऱ्या स्टेशनपर्यंत गालात धरून ठेवली. मग परतफेड म्हणून ठेचा काढला. म्हाताऱ्यानं बोटभर चाखला, डोळे पुसले, आणि पुन्हा बोट पुढं केलं. "जातभाई निंगाला आपला," काका सांगायचे. आरल नावाच्या स्टेशनावर बायका धुरावलेले मासे विकत होत्या. समुद्र आटत आटत तिथून कधीच निघून गेला, पण मासे विकणं राहिलं. आणि चहा? दूध घालून. अगदी आपल्यासारखा.

पण गोष्टीची नायिका म्हणजे डब्याची बाई. तिकडं प्रत्येक डब्याला एक माणूस असतो, बहुतेक बाईच. काकांच्या डब्याची बाई निळ्या कोटातली, भरल्या अंगाची, सरपंचीण चालते तशी चालणारी. चढताना तिनं तिकीट घेतलं आणि स्वतःजवळ ठेवलं. सीलबंद पाकिटात दोन चादरी, एक खोळ, एक टॉवेल दिला. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब, रात्रंदिवस चालू, कोणीही जावं, पाणी घ्यावं. गाडी थांबली की ती आधी खाली उतरून दाराची दांडी फडक्यानं पुसायची, मग लोकांना उतरू द्यायची. "सरकारी नोकर, अन् दांडी पुसते!" हे काका दर वेळी दोनदा सांगायचे. त्यांनी स्वतः सर्व्हिसमध्ये टेबलसुद्धा कधी पुसलं नव्हतं, हे काकू लगेच मागून सांगायच्या.

आता काकांची चूक. पल्लवीनं फोनवर सांगून ठेवलं होतं, "बाबा, आमच्या गावचा टाइम राजधानीपेक्षा एक तास मागं आहे, घड्याळ लावून घ्या." काकांनी लावलं. बाकायदा. फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नाही. त्या देशातली रेल्वे, गाव कोणतंही असो, राजधानीच्याच घड्याळावर चालायची. तिकिटावर राजधानीचा टाइम, काकांच्या मनगटावर पोरीचा. उतरायला अजून तासभर आहे म्हणून काका गाढ झोपले.

"अन् मंग," काका आवाज खाली आणायचे, "पायाचा अंगठा हालला."

ती बाई अंगठा धरून हलवत होती. काका घड्याळ दाखवतात, "मॅडम, एक घंटा हाय!" तिनं स्वतःचं घड्याळ दाखवलं, मग खिडकीबाहेर बोट, मग काकांकडं बोट. काका उठेपर्यंत तिनं त्यांच्या अंगाखालची चादर काढून घेतली होती. मग मोजणी. चादर, चादर, खोळ. टॉवेल? टॉवेल काकांनी पिशवीत भरून ठेवला होता. तिकिटाबरोबर भेट मिळाला असं समजून. बाई दारात हात पुढं करून उभी. गाडी प्लॅटफॉर्मावर हळू झालेली, खिडकीबाहेर पल्लवी गाडीबरोबर पळते आहे, "बाबा! बाबा!" ओरडते आहे, आणि तिचा बाप गुडघ्यावर बसून ठेच्याच्या बरणीखाली टॉवेल शोधतो आहे. सापडला. दिला. तेव्हा कुठं ती बाई पहिल्यांदा हसली. दांडी पुसली, आणि काकांची पिशवी स्वतः खाली दिली.

"तिले माझी भाषा येत नव्हती, मले तिची येत नव्हती," काका इथं नेहमी थांबायचे. "एवढा मोठा मुलूख. त्याच्यात मी कुठं उतरनार, हे एका बाईनं ध्यानात ठेवलं ना. माझ्या सग्या भावाले मालूम नाई मी कुठं उतरनार."

असा तो माणूस पोरीला भेटायला गेला आणि डब्याच्या बाईचा चेला होऊन परत आला. येताना कवचातला गिलास आणला. "चुराया क्या सार?" राजन्नानं एकदाच विचारलं. काका चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पल्लवीनं दुकानातून घेऊन दिला होता तो.

आल्याबरोबर त्यांनी घराचा डबा केला. खोल्यांना नंबर दिले. मी तीन नंबर. तीन वर्षं त्या घरात मी तीन नंबर होते. माझ्या नावानं हाक मारणारा तिथं एक पोस्टमनच. ओसरीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब पेटलेला. कोणीही जावं, गरम पाणी घ्यावं. माझ्याकडं गॅस नव्हता. त्या पाण्यावर मी चहा केला, अंडी उकडली, तापात वाफ घेतली. लाकडं फोडायला काका स्वतः. काकू म्हणायच्या, "या मानसानं घराचं ठेसन करून टाकलं. मी आपली वेटिंग रूममध्ये बसल्यासारखी बसून राह्यते."

सगळं गोड नव्हतं. त्या गाड्यांमध्ये मोठं स्टेशन यायच्या आधी डब्याची बाई संडासाला कुलूप लावते. स्टेशन घाण होऊ नये म्हणून. काकांना हा नियम फार पटला. आमच्याकडं सकाळी नळ यायचा तेव्हा टाकी भरावी म्हणून काका संडासाला कुलूप लावायचे आणि जाहीर करायचे, "स्टेशन आलं!" राजन्नाची पहिली बस त्याच वेळेची. तो टमरेल घेऊन दारावर थापा मारायचा, "सार, तलुपु तीयंडी! दरवाजा खोलो सार, ड्यूटी है!"

"गाडी प्लॅटफॉर्मावर उभी हाय. नळ जाऊ द्या."

"सार, मेरी गाडी भी प्लॅटफॉर्म पे खडी है!"

हे भांडण मी रोज ऐकलं. कोणी जिंकलं नाही. राजन्ना शेवटी बस स्टँडवर जायला लागला, आणि तरीही त्यानं खोली बदलली नाही. कारण पहाटेच्या ड्यूटीला तो कधी चुकला नव्हता. कोणाला कधी उठायचं ते आदल्या दिवशी सांगायचं, की काका ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी दारात हजर. हाक नाही, थाप नाही. त्या कवचाच्या गिलासात चमचा वाजवायचे. टिंग टिंग टिंग. दार उघडलं की चहा पुढं. "उठा तीन नंबर. अर्ध्या घंट्यात तुमचं स्टेशन." मोबाईलचा गजर बंद करून माणूस पुन्हा झोपतो. हातात गरम गिलास घेऊन कसा झोपणार?

आपल्या रेल्वेबद्दल त्यांचं मत संमिश्र होतं. "रूळ आपले त्याइच्यापेक्षा रुंद हायेत, मी चौकशी केली," ते अभिमानानं सांगायचे. मग लगेच, "पण रुंद रुळाचं काय करता? उठवते कोन?" एकदा नात्यातल्या लग्नाला वऱ्हाड निजामाबादला निघालं, रेल्वेनं. काकांनी सगळ्यांची तिकिटं गोळा करून स्वतःजवळ ठेवली आणि डब्याचा ताबा घेतला. निजामाबाद यायच्या आधी चमचा वाजवत फिरले, एकेकाचा अंगठा हलवला, चादरी ओढल्या. वऱ्हाड बरोबर उतरलं. त्यांच्याबरोबर एक अनोळखी गृहस्थही उतरले. त्यांना जायचं होतं सिकंदराबादला. आपली चादर घडी होऊन काकांच्या काखेत गेली आहे हे बघितल्यावर ते बिचारे काही न बोलता चप्पल घालून मागं आले होते. त्यांना परत डब्यात चढवताना काका म्हणाले, "चादर तुमची वापस घ्या. पन पाहा, सवय किती चांगली हाय."

मी पहिल्यांदा परीक्षा दिली आणि लिस्टात माझं नाव आलं नाही. गावी फोन करायचा धीर होत नव्हता. आमच्याकडं नापास झालेली पोरगी म्हणजे शेतावर परत आलेली पोरगी. काकांनी गिलास पुढं केला. "हे तुमचं स्टेशन नोहे. इथं गाडी नुसती थांबते. पानी भरा अन् चढा." एवढंच. मला समजूत काढून घेणं आवडत नाही, म्हणून ते बरं वाटलं. मी पाणी भरलं आणि चढले.

पण हेच वाक्य त्यांना घरात बोलता आलं नाही.

मी तिथं असतानाच पल्लवी डॉक्टर होऊन परत आली. गल्लीनं हार घातले. पण तिकडून डॉक्टर होऊन आलं तरी इथं एक परीक्षा पास करावी लागते, त्याशिवाय कोणाची नाडीसुद्धा धरता येत नाही. पल्लवी त्या परीक्षेत नापास झाली. झाली, आणि पलंगावर पडली. आजारी नव्हती. नुसती पडून. आईला म्हणाली, "मले कोनी उठवू नका." ऊन खिडकीत यायचं, जायचं. जेवण दारात ठेवलेलं असायचं. काकू अंगाखालची चादर धुवायला मागायच्या, ती देत नव्हती. तीच चादर, महिन्यामागून महिना.

आणि अख्ख्या घराला उठवणारा माणूस तिच्या दारावरून जाताना गिलासातला चमचा अंगठ्यानं दाबून धरायचा. वाजू नये म्हणून. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मला उठवायला यायचे तेव्हा तिच्या खोलीपर्यंत आवाज नाही, आणि खोली मागं पडली की पुन्हा टिंग टिंग.

काकूंचा भाऊ आला. चहा पीत पीत म्हणाला, "भाऊजी, उठवा पोरीले. किती दिवस झोपू देता? निजामाबादचे पाव्हने हायेत. औषधाचं दुकान हाय त्याइचं. पोरगी डॉक्टर नसली तरी दुकानात बसन."

काका म्हणाले, "तिचं स्टेशन कोनतं, तुमाले मालूम हाय?"

"लग्न! पोरीचं दुसरं कोनतं असते?"

"ते तुमचं स्टेशन झालं. तुमचा चहा झाला असन तर तुमी उतरा."

मामा उतरले. तरातरा. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा बंबापाशी येऊन, हळू आवाजात बोलल्या. "त्या बाईनं तुमाले तर उठवलं होतं ना. तुमी म्हनत होते, अजून टाइम हाय. तसंच हिचं स्टेशन निंगून गेलं तर? झोपेतच?"

काकांनी बंबात लाकूड सारलं. धूर झाला. मी पाणी घ्यायला गेले होते, तशीच रिकामं भांडं घेऊन परत आले.

मग माझ्या दाराशी थांबून, जणू मलाच, म्हणाले, "मले उठवलं कारन तिकीट तिच्याजवळ होतं. माझं स्टेशन तिले मालूम होतं. पोरीनं तिचं तिकीट मले दिलंच नाई अजून. न सांगता उठवलं तर मी बी मामासारखाच ना?"

मी पल्लवीच्या खोलीत जाऊन बसू लागले. दया म्हणून नाही. माझ्या परीक्षेला सायन्स होतं आणि मी बी.ए. वाली, हृदयाला कप्पे किती इथपासून माझी सुरुवात. घरात डॉक्टर आडवी पडलेली असताना मी बाहेर क्लास कशाला लावू? पहिले काही दिवस ती भिंतीकडं तोंड करून उत्तरं द्यायची. मी चुकीचं पाठ करायला लागले की मात्र तिला राहवायचं नाही. "अगं शिरा नाही, धमन्या! उलटं पाठ करून राह्यली तू!" एकदा मी तिला स्पष्टच म्हटलं, "तू नापास झालीस तरी गल्ली तुला डॉक्टर म्हणते. मी पास झाले तरी या घरात तीन नंबरच राहणार." ती हसली. उशीत तोंड घालून हसली, पण हसली. मग कधीतरी तिचं जाडजूड पुस्तक पलंगाखालून वर आलं. मी माझं वाचायची, ती तिचं. बाहेर आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही. ती पुन्हा परीक्षेला बसणार हे तिनं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. पुन्हा हार, पुन्हा लोक, हे तिला नको होतं.

फक्त एक दिवस तिनं राजन्नाला विचारलं, सकाळची पहिली बस हैदराबादला किती वाजता निघते, आणि परवा सीट मिळेल का. राजन्नानं शपथ खाल्ली की कोणाला सांगणार नाही. मग त्यानं मला सांगितलं, काकूंना सांगितलं, आणि काका संडासाला कुलूप लावत असताना त्यांच्याकडं पाठ करून भिंतीला सांगितलं.

ती निघायच्या आदल्या संध्याकाळी काका ओसरीवर बसून राहिले. वाट बघत होते. पल्लवीनं येऊन म्हणावं, बाबा, अमुक वाजता उठवा. ती आली नाही. काकू दारातून खुणा करत होत्या, जा, विचारा. ते हलले नाहीत.

पहाटे मला आपोआप जाग आली. फटीतून पाहिलं. बंब पेटलेला होता. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ओसरीवर उभे. हातात गिलास, आणि अंगठा चमच्यावर. पल्लवीच्या दारापर्यंत जायचे, उंबऱ्याशी थांबायचे, परत यायचे. नळ आला होता, टाकीत पाणी पडत होतं, आणि संडासाला कुलूप नव्हतं. घरात कोणीही झोपलेलं नव्हतं. काकू त्यांच्या दारामागं, मी माझ्या. राजन्ना युनिफॉर्म घालून त्याच्या दारामागं उभा, कारण ती बस त्याचीच होती आणि पल्लवीला सोडून तो जायला तयार नव्हता. काकांनी एक बोट उचलायचं बाकी होतं. चमचा वाजला असता.

त्यांनी अंगठा उचलला नाही.

आणि मग आतून कडी निघाली. पल्लवी बाहेर आली. केस विंचरलेले, खांद्याला बॅग. दोन्ही हातांवर घडी घातलेल्या चादरी. आपल्याकडं घालतात तशी नाही. आधी उभी, मग आडवी, मग वर खोळ, तिकडच्या गाड्यांमध्ये डब्याच्या बाईला देतात तशी. बापासमोर येऊन तिनं ती घडी पुढं केली.

"घ्या बाबा. माझं स्टेशन आलं."

काकांनी गिलास खाली ठेवला. गठ्ठा घेतला.  त्यांना काहीतरी बोलायचं होतं, आणि जे बोलायचं ते तोंडातून येत नव्हतं. म्हणून त्यांनी जे येत होतं ते केलं. मोजलं.

"चादर. चादर. खोळ." मग गठ्ठा उलटून पाहत, "टॉवेल?"

"टॉवेल देत नाई," पल्लवी म्हणाली. "हैदराबादले उकडते." आणि तिनं तो बॅगेतून काढून खांद्यावर टाकला.

सगळी दारं एकदम उघडली. काकू रडत डबा बांधायला धावल्या, राजन्ना "अक्का, दस मिनट, दस मिनट!" ओरडत संडासात शिरला. बरेच महिने त्यानं ही संधी बघितली नव्हती. पल्लवी फाटकाच्या लोखंडी दांडीला हात लावणार, तेवढ्यात काका पुढं झाले आणि लुंगीचा सोगा असता तर त्यानं, पण त्या दिवशी पँट होती म्हणून इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं, त्यांनी ती दांडी पुसली. मग तिला जाऊ दिलं.

पल्लवी पास झाली. आज ती बोथजवळच्या एका सरकारी दवाखान्यात बसते. काकूंचा भाऊ गुडघे दाखवायला तिच्याकडंच येतो. माझंही स्टेशन पुढं आलं. मी एका मंडल ऑफिसात, म्हणजे इकडच्या तहसिलात, आहे आणि माझ्या टेबलावरची पाटी माझ्या पूर्ण नावाची आहे, आडनावासकट. मागच्या वेळी काकांकडं गेले तेव्हा त्यांना सांगितलं की त्या देशात आता सगळीकडं एकच टाइम केला आहे. काका नाराज झाले. "मंग लोक चुकतीन कसे? चुकल्याशिवाय त्या बाईची किंमत कशी समजन?"

कोणी पल्लवीचं विचारलं तर ते परीक्षेचं सांगत नाहीत, निकालाचं सांगत नाहीत. ते सांगतात, "माझ्या सर्व्हिसमध्ये एकच पॅसेंजर टॉवेल न देता उतरला." आणि इतकं खूश होऊन सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, टॉवेल न देण्यातच खरी हुशारी आहे.

मी खोली सोडली त्या दिवशी माझा टॉवेल हरवला होता. ऑटोत सामान भरलेलं, रिक्षावाला हॉर्न वाजवतो आहे, आणि हे फाटकात हात पुढं करून उभे. मला त्यांनी बाजारात पळवलं, नवा टॉवेल आणायला लावला, तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "हा आपला नोहे. पन चालते." मग फाटकाची दांडी पुसली.